येणाऱ्या पिक्चरमधलं गाणं

कुंडलिक आणि राजाराम यांचं पहिल्यापासून एकाच गोष्टीवरून बिनसायचं. दोघं विक्रोळीच्या एकाच कारखान्यात कामाला, राहायला एकाच चाळीत, आणि नवा ऑर्केस्ट्राही दोघांनी मिळून काढलेला. कुंडलिक गायचा, राजाराम कोंगो वाजवायचा.

"आपल्याला कुत्रं ओळखत नाही," राजाराम म्हणायचा. "आधी लोकांच्या ओळखीची पिक्चरची गाणी वाजवू, रेकॉर्डवर आहेत अगदी तशी. नाव झालं की मग काय ते आपलं वाजव ना."

"मग ऑर्केस्ट्रा कशाला काढला रे? रेडिओ लावून ठेवला असता."

खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. कुंडलिकचा धाकटा भाऊ बाळा आदल्या वर्षी काविळीने गेला. पेटीवर बोटं फिरवत त्याने एकच गाणं रचलं होतं, 'दिवा लाव गं आई, मी वळणावर आलो'. शब्द त्याचे, चालही त्याचीच. लग्न नाही, मूलबाळ नाही, त्याच्या मागे राहिलं ते एवढंच. ते चार लोकांसमोर त्याच्या नावानिशी म्हणायचं, यासाठी कुंडलिकचा हा सगळा खटाटोप चालला होता.

पहिला कार्यक्रम घाटकोपरच्या एका गणपती मंडळाने दिला. आई, सुगंधाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून बायकांच्या पहिल्या रांगेत बसली. कुंडलिकने माइक धरला. "हे गाणं माझ्या भावाने, बाळा धोंडू परबने..." पुढचं शिट्ट्यांत बुडालं. भाषण नको, गाणं वाजव, असा गलका झाला. राजारामने निमूट पिक्चरच्या गाण्याचा ठेका धरला आणि माणसं लगेच खूश झाली. मग फर्माइशीच्या चिठ्ठ्या येत गेल्या. गाण्याचं नाव, खाली मागणाऱ्याचं नाव. कुंडलिक ती परकी नावं माइकवरून मोठ्याने वाचत होता आणि आतून जळत होता. कार्यक्रम संपत आला तेव्हा त्याला राहवेना, आणि तिथेच त्याने माती खाल्ली.

"आता एका येणाऱ्या पिक्चरमधलं गाणं," तो म्हणाला. "रेकॉर्ड अजून बाजारात यायची आहे."

सगळा मांडव कान टवकारून बसला. बाळाचं गाणं संपलं तसा वन्स मोअर मिळाला, मग आणखी एकदा. टाळ्यांनी कुंडलिकचं डोकं हलकं झालं. समोर फक्त आई टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्यावर तिने ठेवणीतलं लुगडं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "माझ्या झिलाचा, बाळाचा नाव कित्याक नाय घेतलंस?"

"फुडच्या टायमाक घेतंय, आये. आधी गाणा लोकांच्या तोंडात बसांदे."

बसलं, चांगलंच बसलं. वर्षभरात मुलुंडपासून अंधेरीपर्यंत प्रत्येक ऑर्केस्ट्रा ते वाजवू लागला. तो पिक्चर कुठला, कधी येणार, यावर माणसं पैजा लावू लागली, आणि एका शहाण्याने तर तो पाहिल्याचंही शपथेवर सांगितलं. मुलुंडच्या कार्यक्रमात कुंडलिकने बाळाचं नाव घेऊन गाणं सुरू केलं, तर मागून आवाज आला, "पिक्चरचं गाणं भावाच्या नावावर खपवतो काय रे?" सगळे हसले. गाणं झाल्यावर मंडळाचा एक माणूस जवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाला, "ओरिजिनलची सर नाही येत हो तुम्हाला."

अंधेरीच्या चंद्रप्रकाशचा ऑर्केस्ट्रा सगळ्यांत मोठा. कुंडलिक त्याच्याकडे गेला, हात जोडले, निदान बाळाचं नाव तरी घ्या म्हणाला. चंद्रप्रकाशने त्याला चहा पाजला.

"यार, पिक्चरचं आहे असं तूच बोललास ना माइकवरून? हजार लोकांनी ऐकलंय. आता मी काय सांगू त्यांना?"

कुंडलिक कप ठेवून उठला. त्याने गाणं म्हणणंच सोडलं. राजाराम चंद्रप्रकाशकडे वाजवायला गेला, आणि त्याबद्दल त्याला बोल लावण्याचंही त्राण कुंडलिकमध्ये उरलं नव्हतं.

पुढच्या गणपतीत तोच ऑर्केस्ट्रा जवळच्या एका कॉलनीत आला. आईने जायचा हट्ट धरला. निघताना तिने कागदाचा कपटा कुंडलिकपुढे ठेवला.

"फर्माइशीची चिठी लिही. ह्या गाण्याची. खाली बाळाचा नाव घाल."

"आये, तेका कोण वळाकता थंय?"

"नसांदे वळाकत. नाव तरी घेतीत."

कुंडलिकने लिहिलं. भावाचं गाणं भावाच्या नावाने मागताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की अक्षर धड निघेना.

चिठ्ठी स्टेजवर गेली. निवेदकाने ती उलगडली. "आता सगळ्यांच्या आवडीचं पिक्चरचं गाणं. फर्माईश केली आहे बाळा धोंडू परब यांनी." कोंगोवर बसलेल्या राजारामने झटकन मान खाली घातली. "वा, बाळाराव! कुठे बसलात? जरा हात वर करा बघू."

माणसं माना वळवून शोधू लागली. कुंडलिकला वाटलं, उठावं आणि ओरडून सगळं सांगावं. पण त्याचं कोण ऐकणार होतं?

शेजारी आईने हात वर केला. गाणं सुरू झालं, संपलं, लोकांनी वन्स मोअर दिला, तरी तिने तो खाली घेतला नाही.