आठवी नाराज

जनमत चाचणीच्या फॉर्मवर ठळक अक्षरांत छापलं होतं: नाव लिहू नये. बेलारूसमध्ये अशा ओळीवर दुधखुळं पोरसुद्धा विश्वास ठेवत नाही. म्हणून लिनन गिरणीतल्या दोनशेच्या दोनशे कामगारांनी बाराही प्रश्नांपुढे एकच खूण केली, पूर्ण समाधानी. सरकारवर विश्वास? पूर्ण. निवडणुका खऱ्या होतात? होतात की! न व्हायला काय झालं?

याद्विगानेही तेच केलं आणि प्रत्येक खुणेला तिला स्वतःची किळस आली. तिचा लेक यूर्का दोन वर्षांपासून तुरुंगात होता. गुन्हा काय, तर निवडणुकीच्या निकालाच्या बातमीखाली स्वतःच्या नावाने ‘चोर’ एवढा एक शब्द लिहिला. पण तिचा वर्षाचा करार शुक्रवारी संपत होता. तो वाढला नाही तर लेकाला दर महिन्याचं पार्सल कशातून पाठवायचं? म्हणून तिने तोंड शिवून घेतलं होतं.

बुधवारी खातेप्रमुख लियानीद आदामाविचने आठ जणींना केबिनमध्ये बोलावलं.

“घोटाळा झालाय,” तो कपाळ पुसत म्हणाला. “शंभरातले शंभर समाधानी! वरून फोन आला, असा निकाल छापला तर लोक हसतील. चार टक्के नाराज पाहिजेत. म्हणजे आठ. म्हणजे तुम्ही.”

“कशावर नाराज व्हायचं ते सांगा,” शेजारच्या मागावरची झीना म्हणाली. “पेन्शनवर होते मी नाराज. निवडणुकीवर नको बाई, मला नातवंडं आहेत.”

“पेन्शन आणि बस. बाकी सगळं समाधानी.”

सात जणींनी नवे फॉर्म भरले. झीनाने तर खुणा सरळ याव्यात म्हणून पट्टी मागून घेतली. याद्विगाचा फॉर्म कोराच राहिला.

“तुम्ही बाराही प्रश्नांवर नाराज व्हा, याद्विगा काझिमिरावना,” आदामाविच गोड आवाजात म्हणाला. “पोरगा आत आहे, अस्सल वाटेल. करार वाढलाच समजा.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांनी मत घेतलं, पोरगा घेतला, तोंड बंद केलं. एक राग तेवढा उरला होता, तोही आता यांनाच हवा, आणि तोसुद्धा टक्केवारीत बसवून!

“मी समाधानी आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“पूर्ण समाधानी. सरकार म्हणजे देवमाणूस. निवडणुका धुतल्या तांदळासारख्या. घ्या लिहून.”

“थट्टा करताय?”

“थट्टा तुम्ही मांडलीय! माझा पोरगा खरं बोलला म्हणून त्याला आत टाकलंत, आणि आता तेच खरं माझ्याकडून हुकमाने लिहून घेता? मेले तरी देणार नाही! माझा राग काय तुमच्या गोदामातला माल आहे, मागितला की काढून द्यायला?”

“अगं, गप बस ना,” झीनाने तिची बाही ओढली. “करार जाईल.”

“जाऊ दे!”

आदामाविचने बाकीच्या सात जणींना हाकललं आणि दार लावून घेतलं. मग याद्विगाचा कोरा फॉर्म स्वतःकडे ओढून तो भरायला बसला. पूर्ण असमाधानी. पूर्ण असमाधानी. एकही प्रश्न त्याने वाचला नाही. पेन एवढं दाबत होता की सहाव्या खुणेला कागद फाटला. त्याने दुसरा फॉर्म काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याचे कान लाल झाले होते.

याद्विगा बघत राहिली. तिला त्याची कीव यायला हवी होती, पण संताप आणखीच चढला.

“बाराच्या बारा?” ती म्हणाली. “माझ्या यूर्काने एकच शब्द लिहिला होता, आदामाविच. पण खाली नाव होतं.”

“शुक्रवारी गेटवर पास जमा करा,” तो मान वर न करता म्हणाला. “वरिष्ठांचा आदेश मोडला, असं कारण लिहितो.”

आणि बारावी खूण करून त्याने फॉर्म बाकीच्या सातांखाली सरकवला.