बिबड्यांचं मीठ

मृणालीनं सासऱ्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"नाना, खरं सांगा. मीठ कुठं खाताय?"

"मी कोठे खास? तूच देस ना जेवाले." रुपचंदनानांनी पाय धोतरात ओढून घेतला. "तुनी भाजी खाईसन मनी जीभबी मरी गयी."

पारोळ्याच्या त्या घरात पापड नव्हता, लोणचं नव्हतं. मिठाची बरणी तिनं वरच्या फळीवर ठेवलेली, तीन वर्षांच्या रिद्धीच्या आणि नानांच्या, दोघांच्याही हाताबाहेर. तरी सूज उतरेना. नवरा जळगावला पाइपच्या कारखान्यात. फोनवर त्याचं एकच पालुपद, "तू बीएस्सी ना, तूच समजाव."

समजावून तिचं तोंड दुखलं होतं.

"हृदयात स्नायूंच्या मधे जोडणाऱ्या पेशी असतात, नाना. तुम्हाला झटका आला तेव्हा त्यांना निरोप गेला, फाटलंय, सांधा. त्यांनी धागे विणून सांधलं. तिथं थांबायला हवं होतं. पण अंगात पाणी साचलं की हृदय ताणलं जातं, ताण पडला की पुन्हा तोच निरोप, पुन्हा धागे. आता चांगली जागासुद्धा कडक होत चाललीय. ही गोळी तो निरोप अडवते, आणि तुम्ही मीठ खाऊन परत धाडता!"

नाना विचारात पडले. "बिचाऱ्या कामच करी ऱ्हायन्यात ना? मंग त्यासले कोनीतरी सांगा, बास म्हनून."

कपाळावर हात मारून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या द्रौपदाअक्कांची हाक आली. "नाना, चाला बरं! घाटा शिजी गया, मीठ पाही द्या."

मृणाली गॅसवरचं दूध तसंच टाकून धावली. अक्कांच्या अंगणात चुलीवर बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, घट्ट घाटा रटरटत होता आणि नाना हातात वाटी घेऊन, वर तेल ओतून, चाखत नव्हते, चक्क जेवत होते.

"अक्का, हे काय?"

"अवं, गल्लीमा बठ्ठा बिबडा-पापडनं मीठ नानाच सांगतस. घाटा गोड लागना तरी वाळनं का खारट व्हई जास. तो अंदाज त्यासलेच जमस. तुले माहीत नही?"

गल्लीतली प्रत्येक चूल. अख्खा उन्हाळा. आणि आपण बरणी फळीवर ठेवून बसलो!

दुपारी रिद्धीला कडेवर घेऊन ती घरोघर फिरली. नानांना बोलवायचं नाही. बोटभर घाटासुद्धा द्यायचा नाही. हृदय कडक होतंय त्यांचं. बाया घाबरल्या, "हो माय" म्हणाल्या.

आणि बोलल्याप्रमाणे वागल्या. हळूहळू सूज उतरली. अंगठ्याचा खड्डा लवकर भरू लागला. पण बायांनी नुसतं मिठासाठी नव्हे, सगळंच बोलावणं बंद केलं. ओसरीवर बसलेल्या नानांसमोरून घाट्याची पातेली जायची, तेव्हा आवाज बारीक व्हायचे. कुणाची हाक ऐकू आली की नाना चपला पायात सरकवायचे. हाक दुसऱ्याच कुणाला असायची. मग चपला पुन्हा काढून जागच्या जागी.

मृणालीला त्या चपलांचाच राग येऊ लागला. पथ्य सांभाळायचं, गोळ्या मोजायच्या, पोर बघायची, आणि वर हेही बघायचं!

शेवटी एका सकाळी तिनं स्वतःच ज्वारीचा घाटा शिजवला आणि पातेलं नानांपुढं आदळलं. "मला मिठाचं कळत नाही. तुम्ही सांगायचं. चाखायचं मात्र नाही."

नानांनी पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चमचाभर घाटा घेतला, फुंकर मारमारून निववला आणि रिद्धीच्या तोंडात घातला. पोरीच्या कपाळाकडे, ओठांकडे ते डोळे बारीक करून बघत राहिले. तिचं तोंड हललं, तसा त्यांचा रिकामा जबडाही हलला.

"अजून!" रिद्धी म्हणाली.

"बास," नाना म्हणाले. "मीठ बराबर शे."

आणि चमचा त्यांनी स्वतःच मृणालीच्या हातात दिला.