ज्ञानूनं गज उचलला नाही

"ज्ञानू, शेवटी बादशहाचं राजगीत नीट वाजू दे," थेटरचे मालक महिपतराव पडद्यापाशी वाकून म्हणाले. "गोरा साहेब बसलाय मागे."

"खेळ वाजवतो की," ज्ञानू म्हणाला आणि फिडलच्या गजाला राळ घासू लागला.

महिपतरावांना हे उत्तर अर्धंच वाटलं. पण दिवे मालवले आणि ते मागे सरले.

१९३० सालचा मे महिना. सोलापुरात लष्करी अंमल होता, म्हणून खेळ फक्त दुपारी होई. मूकपटाला साथ करणाऱ्या वादकांत ज्ञानू मुख्य. मंद्रूप गावच्या धनगराचं हे पोर एका नाटक कंपनीमागे निघून गेलं, तिथल्या गोवेकर वादकाच्या हाताखाली फिडल शिकलं आणि कंपनी मोडल्यावर या थेटरात आलं. त्याचा गज उठल्याशिवाय बाकीचे वाजवायला सुरुवात करत नसत.

चळवळीत तो कधी गेला नव्हता. पण त्या सकाळी शुक्रवार पेठेच्या तोंडाशी शिपायांनी एका म्हाताऱ्या विणकराची पांढरी गांधीटोपी संगिनीच्या टोकानं उडवली आणि त्यालाच ती पायाखाली तुडवायला लावली. म्हातारा रडला नाही. नुसता स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. ज्ञानू चार हातांवर उभा होता आणि गप्प राहिला होता. तेव्हापासून त्याला ते सलत होतं.

त्या दुपारी तो जीव ओतून वाजवत होता. खेळ संपला. पडद्यावर बादशहाची तसबीर आली, लोक उभे राहिले. ज्ञानूनं फिडल मांडीवर आडवं ठेवलं.

"अण्णा, गज उचला की," तबल्यावरचा सिद्धाराम कुजबुजला.

"न्हाय उचलत."

"आत टाकतील की तुमाला."

"टाकू देत."

मग मागे एक बाक करकरलं. कुणीतरी खाली बसलं. मग आणखी कुणी. बघता बघता सगळं थेटर बसलं आणि साहेब एकटाच उभा राहिला.

तो तरातरा पुढे आला. महिपतराव हात जोडून म्हणाले, "साहेब, याची तब्येत ठीक नाही."

"तब्येत ठणठणीत हाय माजी," ज्ञानू म्हणाला. "ह्ये गाणं मी वाजवणार न्हाय, येवढंच सांगा त्यास्नी."

त्याला सक्तमजुरी झाली. खडी फोडून फोडून बोटं सुजली. बायको तानाबाई भेटायला आली, तिनं तुरुंगाच्या गजांतून त्याचा हात धरून बराच वेळ बघितला.

"माफी लिवून दिली तर सोडत्यात म्हनं," ती म्हणाली.

"मग? देऊ?"

"द्या की. पर घरात घ्यायची न्हाय मी."

ज्ञानू त्या तुरुंगात पहिल्यांदाच हसला.

सुटून आला तेव्हा थेटरात दुसरा वादक होता आणि ज्ञानूची बोटं लाकडासारखी झाली होती. तानाबाई गिरणीत जाई, आल्यावर तेल लावून त्याची बोटं चोळी. तो रोज तेच चार सूर घासत बसे. शेजारीपाजारी हसत. तो दार उघडंच ठेवी. वर्ष सरता सरता सूर जागेवर आले, करंगळी तेवढी वाकडी राहिली. मग तो त्या बोटावाचून वाजवायला शिकला. लग्नात, बारशाला बोलावणी येऊ लागली.

पुढे बोलपट आला. थेटरात वादकांची गरज उरली नाही. एका संध्याकाळी सिद्धाराम तबला घेऊन ज्ञानूच्या दारात आला.

"अण्णा, आमाला बी काढलं. शेवटी तुमचं न् आमचं सारखंच झालं की."

"सारकं कसं?" ज्ञानू म्हणाला. "तुमाला काढलं. मी सोताच न्हाय म्हनून उठलो." मग त्यानं घोंगडी पसरली. "बस. उभा का?"

थेटरातल्या यंत्राचं गाणं पेठेवरून तरंगत येत होतं. घरं सोडून लोक तिकडं लोटले होते.

"दार लावू का?" तानाबाईनं विचारलं.

"कशाला? असू दे."

ज्ञानूनं मान कलती करून तो सूर नीट ऐकला. मग खुंटी पिळून तार त्याच्याही वर नेली आणि सिद्धारामकडे बघून म्हणाला, "चढव."

सिद्धारामनं हातोडी काढली आणि तबला त्या सुराला चढवू लागला.