हळदीची बशी

मित्रांनो, मी डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझी भिंगे अजून स्वच्छ आहेत, पण कुणाच्या नजरेला नजर द्यायची मला लाज वाटते.

उमेदीच्या काळात पोरांनी माझ्यातून कांद्याचा पापुद्रा पाहिला, डबक्यातले जीव पाहिले. नवी यंत्रे आली आणि मी कपाटात धूळ खात पडलो. तिथून मला ऐश्वर्या नावाच्या विद्यार्थिनीने बाहेर काढले. वनस्पतींच्या अर्कामुळे कॅन्सरच्या पेशींचे वागणे बदलते का, हे तिला पाहायचे होते. अल्कोहोलमध्ये काढलेला हळदीचा अर्क तिने काचेच्या बशीत वाढवलेल्या त्या पेशींवर घातला. भराभर वाढणाऱ्या त्या पेशी थंडावल्या.

"थांबल्या रे, थांबल्या!" ती मलाच म्हणाली. मी किती फुशारलो!

बातमी कोपरीला तिच्या कलावती आत्याकडे पोचली. आत्याला स्तनाचा कॅन्सर होता. खंडेनवमीला आम्हा यंत्रांची पूजा असते, तेव्हा ती मुद्दाम आली. माझ्यात डोकावली, मला हळदकुंकू वाहिले आणि हात जोडले.

"महिना होत आला, ती केमो बंदच केलीय मी. हळदीचं पाणी पिते. आपल्याच पोरीने शोधलंय ना!"

ऐश्वर्याचा चेहरा पडला, पण आत्याला अडवायचे सोडून ती बशा आवरू लागली. आत्या गेल्यावर तिच्या मार्गदर्शक देवयानी मॅडमनी विचारले, "नुसतं अल्कोहोल घातलेली बशी कुठे आहे?"

"ती... लावलीच नाही, मॅडम."

"मग आधी ती लाव."

लावली. त्या बशीतल्या पेशीही तशाच थंडावल्या होत्या. म्हणजे हळदीचे काहीच सिद्ध झाले नव्हते. मी खोटे दाखवले नव्हते, पण अर्धेच दाखवून पूजा करून घेतली होती. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ऐश्वर्याने माझ्यासमोरच फोन लावला. "आत्या, चुकलं माझं. हळदीने नाही थांबलेल्या त्या. केमो परत चालू कर ना. मी येते सोबत."

पलीकडून आत्याने विचारले,

"मग हा महिना माझा फुकट गेला का गं?"

ऐश्वर्या नुसती रडत राहिली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला जरूर जपा, पण हात जोडू नका, शंका विचारा. आणि अर्धवट पाहिलेले घाईने कुणा आजारी माणसाला सांगू नका. तुम्हाला तो प्रयोग असतो, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो.