वरच्या सज्जातली शिट्टी

"बाबा, सूर फाटला तर शिट्टी मारा. इतरांना मारता तशीच," जेवताना इल्दे म्हणाली. आमची लेक त्या संध्याकाळी गावच्या ऑपेरा हाऊसमध्ये पहिल्यांदाच मुख्य भूमिका गाणार होती.

"मारणारच! शब्द दिला," एर्मेते म्हणाला.

"मारून तर बघ," मी सूप वाढता वाढता म्हटलं. "घरात पाऊल ठेवू देणार नाही."

माझा नवरा पावभट्टीवाला, पण वरच्या सज्जात राजा. त्याने शिट्टी मारल्याशिवाय तिथे कुणी मारत नाही, आणि त्याने मारली की गाणाऱ्याची शोभा झालीच. मेली ती शिट्टीसुद्धा त्याला मीच शिकवलेली, लग्नाआधी, बदकं हाकताना.

थिएटर उभं केलं सरदार घराण्यांनी, पणजोबांच्या काळात, एकेक बॉक्स, म्हणजे घराण्यापुरती बसायची खोली, विकत घेऊन. संगमरवरी जिना, मखमल, सोन्याचा मुलामा, सगळं त्यांना. आम्हाला मागच्या गल्लीतला अंधारा जिना आणि छताखालची बाकं. पण बांधणाऱ्याने छत लाकडाचं केलं, आतून पोकळ ठेवलं, त्यामुळे गाणं सगळं वर आमच्याकडे येतं. खालचे लोक टाळी वाजवण्याआधी कान वर लावून बसतात, ते काय उगाच?

दोन अंक छान गेले. तिसऱ्यात ते मोठं गाणं आलं, शेवटचा उंच सूर आला, आणि इल्देचा आवाज फाटला. चक्क फाटला.

बाकांवरच्या माना एर्मेतेकडे वळल्या. त्याने दोन बोटं तोंडात घातली. मी त्याचा दंड घट्ट धरला. पण त्याच्याच्याने फुंकर मारवेना. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

"जाऊ दे रे, पोर आपलीच आहे," शेजारचा सांते खाटीक पुटपुटला आणि हळूच टाळ्या वाजवू लागला. मग बाकीचेही. मऊ मऊ टाळ्या, आजाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवल्यासारख्या. इल्देने वर अंधारात पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला. माझ्या लेकीची कीव? कोण लागून गेलेत हे!

मी दंड सोडला, बोटं तोंडात घातली आणि मारली शिट्टी.

टाळ्या थांबल्या. इल्देने मान ताठ केली आणि वादकांना म्हणाली, "पुन्हा." या वेळी सूर सरळ वर आला, छताला भिडला आणि तिथेच राहिला. सांते बाकावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

खेळ संपल्यावर मागच्या दाराशी इल्दे धावत आली ती बापाच्या गळ्यातच पडली.

"बाबा, शब्द पाळलात! शिट्टी लगेच ओळखली मी." मग माझ्याकडे वळली. "आई, आता यांना घराबाहेर नको हं काढूस."

एर्मेतेने बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"आजच्या दिवस येऊ दे घरात," मी म्हटलं.