शेजारच्या पातेल्यातलं शीत

मी चंद्रमती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत माझं व्हिडिओ गेमचं दुकान आहे, आणि ते आहे हे मला या वयात सिद्ध करावं लागतंय. जळो मेली ती मोजणी.

माझ्या भावाची लेक लावण्या चेन्नईत गेम बनवते. तिचा पहिलाच गेम, कावेरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या दोन गावांचा. त्यात एक म्हातारी आहे. पाणी चोरणाऱ्याला ती आमच्या तंजावरी मराठीत अशी झापते की विचारू नका. आमच्या गल्लीतली पोरं मराठीत विचारलं तर तमिळमध्ये उत्तर देतात, ती चक्क म्हातारीसारखी बोलायला लागली. आया तक्रार घेऊन आल्या आणि जाताना डिस्क घेऊन गेल्या. गल्लीतल्या अनिरुद्धरावांनी नातवासाठी म्हणून नेली आणि स्वतःच खेळत बसले. मला माल पुरेना.

आणि एक दिवस लावण्याचा फोन आला, रडत. तिचा गेम तंजावुरात खपलाच नाही म्हणे. पुढच्या महिन्यात आकडा सुधारला नाही तर तयार होत आलेला दुसरा भाग बंद, आणि ती नि तिचे साथीदार घरी.

खपला नाही? मग मी काय रोज माश्या मारत होते? गेमचा माल पोचवणारा कंपनीचा माणूस मुरलीकृष्ण, तिरुवैयारुचा, आमच्या मराठी माणसांतलाच. त्याला बसवलं, काफी पाजली आणि जाब विचारला. तो शांतपणे समजावत राहिला. कंपनीने दुकानांना दिलेला माल हा खप नव्हे, तो पडून राहतो, परत येतो. म्हणून एक मोजणी करणारी संस्था गावातलं एखादं दुकान निवडते, तिथे फाडलेली बिलं बघते आणि त्यांना गुणून अख्ख्या गावाचा खप ठरवते. तंजावुरात निवडलंय नव्या बसस्टँडजवळचं वेंकटरावांचं शोरूम. तिथे टीव्ही, फ्रिज, आणि कोपऱ्यातल्या एका कपाटात गेम. लावण्याचा गेम त्यांनी मागवलाच नव्हता. मग शून्याला कितीने का गुणेनात! मी म्हटलं, माझंही दुकान घ्या. तर म्हणे, निवड वर्षातून एकदाच होते.

वर मलाच शहाणपण शिकवतो, "अक्का, शितावरून भाताची परीक्षा होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग शीत माझ्या पातेल्यातलं काढ," मी म्हटलं. "शेजारच्या पातेल्यातलं शीत चेपून माझा भात कच्चा म्हणतोस?"

त्याने काफी अर्धी टाकली आणि गेला.

भांडून उपयोग नव्हता. पोरीचं पोट त्या आकड्यावर होतं. माझ्याकडच्या सगळ्या डिस्क मी उचलल्या आणि वेंकटरावांच्या कपाटात नेऊन लावल्या. मग दुकानात येईल त्याला सांगत सुटले, इथे नाही, बसस्टँडला जा, आणि बिल घेतल्याशिवाय हलू नका. माझी गिऱ्हाइकं माझ्याच हाताने दुसऱ्याच्या दारात घातली. वेंकटराव मिशीत हसत होते. दात ओठ खात महिना काढला.

आकडा आला. गुणून गुणून असा फुगला की कंपनीला वाटलं, तंजावुरात घरटी एक डिस्क. माझ्याच गिऱ्हाइकांनी तोच गेम घेतला होता, फक्त दुसऱ्या दारातून. पण दुसरा भाग मंजूर झाला. लावण्या फोनवर हसली तेव्हा मी सगळं विसरले.

काल तो दुसरा भाग बाजारात आला. माझ्याकडे एक डिस्क नाही. मुरलीकृष्णला विचारलं तर म्हणाला, गेल्या महिन्यात तुम्ही काहीच मागवलं नाही, तुमच्याकडे खप नाही, तंजावूरचा सगळा माल शोरूमला गेला. घ्या! म्हणजे पोरगी तरली आणि मी बुडाले.

शटर खाली ओढलं आणि बसस्टँड गाठला. रांगेत पुढे सगळी माझ्याच गल्लीतली पोरं. ती बाजूला व्हायला लागली, मी होऊ दिलं नाही. माझी पाळी आली तशी वेंकटरावांनी डिस्क पुढे केली. म्हणाले, "तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे, अक्का? तुमच्याच भाचीचा गेम. न्या तशीच."

मी डिस्क परत त्यांच्यासमोर ठेवली आणि वर पैसे ठेवले.

"बिल करा, वेंकटराव," मी म्हटलं. "फुकटचं कुणी मोजत नाही. या गावात मला एकदा तरी मोजा."