झोपलेल्या बाळाला उठवू नये

ऑफिसात मला काटेबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण माझे कान तिखट आहेत. दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे तपासायचे, खऱ्या काट्याला शिक्का मारायचा, खोटा असेल तो उचलून आणायचा, हे माझं काम. बारा वर्षं करतेय. ‘बाई, थोडं इकडेतिकडे चालतं हो,’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराला मी एकच वाक्य ऐकवते: काटा खोटं बोलत नाही, काटा ठेवणारा बोलतो. हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालंय की नवरा माझी नक्कल करतो तेव्हा कमरेवर हात ठेवून तेच म्हणतो.

शिवाय माझ्या हाताला वजन कळतं. दोन पिशव्या दोन हातांत द्या, दहा ग्रॅमचा फरक असला तरी सांगते. ऑफिसात यावर पैजा लागतात. पैजेचा चहा मला अजून एकदाही पाजावा लागलेला नाही.

हे सगळं सांगायचं कारण आमची मुंगी. मुंगी म्हणजे आमची लेक. जन्मली तेव्हा एवढ्या मोठ्या पांढऱ्या चादरीत एवढीशी लालबुंद दिसली, म्हणून नवऱ्याने हे नाव ठेवलं, ते चिकटलं. इस्पितळात वजन भरलं तीन किलो पन्नास ग्रॅम. मी हातात घेतलं आणि म्हटलं, बरोबर.

पहिल्या दहा दिवसांत माझा पार चोथा झाला. दर दीड-दोन तासांनी तिला जवळ घ्यायचं. तिने तोंड लावलं की कळ पायाच्या करंगळीपर्यंत जायची. मी उशीचं टोक दातांत धरायचे. चार-पाच वेळा चोखलं न चोखलं की बाईसाहेब झोपल्या. दुसऱ्या बाजूने दूध ठिबकत असायचं, कपडे भिजायचे, वाळून कडक व्हायचे, पुन्हा भिजायचे. एका सकाळी कुरिअरवाल्याला दार उघडलं, सही केली, पाकीट घेतलं. तो गेल्यावर पाहते तर पुढची बटणं उघडीच. बिचारा सही होईपर्यंत छताकडे का बघत होता ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी कपडे धुवायच्या यंत्रावर डोकं टेकून मी उभ्या उभ्या झोपले, तेही यंत्र चालू असताना. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, जड सामान उचलायची त्याला सवय आहे. त्याने मला तशीच उचलून पलंगावर नेऊन टाकलं.

मला राग याचा येत होता की हे कुणीच आधी कसं सांगितलं नाही? नऊ महिने जो तो विचारत होता, नाव काय ठेवणार? एकीनेही विचारलं नाही की बाई गं, दिवसातून बारा वेळा चावून घ्यायची तयारी आहे का तुझी?

सासूबाई मात्र खुशीत होत्या. त्यांनी आयुष्यभर शिवणकाम शिकवलं, घरातही सगळं टापटीप लागतं. स्वयंपाक त्यांचा, धुणं त्यांचं, माझ्या तोंडात घास भरवणंसुद्धा त्यांचंच. माझ्या बाबतीत त्यांनी काही कमी केलं असं मी मेले तरी म्हणणार नाही. “गुणाची पोर आहे गं,” त्या म्हणायच्या. “रडणं नाही, किरकिर नाही. याच्या वेळी मी सहा महिने डोळा मिटला नव्हता. तू नशीबवान आहेस, झोप आता.”

“आई, तिला पाजायची वेळ झालीय.”

“झोपलेल्या बाळाला उठवू नये. भूक लागली की उठेल तिची ती.”

खरं सांगू? मला ते ऐकायला हवंच असायचं. मी मान टाकायचे ती सरळ तीन-चार तासांनीच उचलायचे.

दहाव्या दिवशी जवळच्या दवाखान्यात वजन करायला गेलो. सिस्टरने मुंगीला काट्याच्या तबकात ठेवलं, काटा सरकला, थांबला.

“तीन किलो दोनशे! दहा दिवसांत जन्माचं वजन भरून काढून वर दीडशे ग्रॅम. शाब्बास हो ताई!”

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच परीक्षेत पहिली आले. मी मुंगीला उचललं आणि हात म्हणाला, नाही.

“परत ठेवा बघू,” मी म्हटलं. परत ठेवलं. परत तीन दोनशे.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, “ती हलकी झालीय रे. मला हातात कळतंय.”

“तुला सध्या दूध कुठलं आणि साबणाचं पाणी कुठलं ते कळत नाहीये,” तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं, आदल्या दिवशी मी कपड्यांच्या यंत्रात दूध ओतलं होतं. “दवाखान्यातला तो काटा तपासलाय कोणी?”

“मी. रजेवर जायच्या आधी, शेवटच्या दिवशी. सगळे काटे मीच तपासले तिथले.”

“मग तुझा हात खरा की तुझा शिक्का?”

मी म्हटलं, “शिक्का.” दुसरं काय म्हणणार? बारा वर्षं लोकांना हेच शिकवलं की हाताचा अंदाज घरी ठेवा.

पुढच्या आठवड्यात मुंगी आणखी गुणी झाली. हाक मारली तरी डोळे किलकिले करायची आणि मिटायची. सासूबाईंनी तिच्यासाठी झबलं शिवलं होतं, पंधराव्या दिवशी अंगात बसेल अशा मापाचं. ते घातलं तर त्यात अजून एक मुंगी मावली असती. सासूबाईंनी दोनदा कड धरून पाहिली. “मीच सैल शिवलं वाटतं. हात राहिला नाही आता पूर्वीसारखा,” त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं माप घेणारी बाई, तिने काट्यापुढे आपला हात खोटा ठरवला. मीही तेच केलं होतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि ही तर रडतच नव्हती.

सतराव्या दिवशी सकाळी लंगोट बदलायला घेतला तर कोरडा. आदल्या दिवसभरात तीनच ओले झाले होते, त्यातल्या एकावर विटकरी डाग होता. मी तिला दोन्ही हातांवर घेतलं. या वेळी हात नुसता म्हणाला नाही, ओरडला.

टेबलावर कागद दाबायला माझं पितळी वजन असतं, दोन किलोचं. नोकरीला दहा वर्षं झाली तेव्हा ऑफिसने दिलेलं. शोभेचं नाही, खरं, तपासलेलं. ते मी बाळाच्या पिशवीत टाकलं.

“अगं, लोक त्या पिशवीत लंगोट नेतात,” सासूबाई म्हणाल्या. “डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“नाहीये. चला.”

दवाखान्यात तीच सिस्टर होती. तबकात मुंगी, काटा पुन्हा तीन दोनशेवर. “या आठवड्यात वाढ नाही ताई, पण मागच्या वेळी भरपूर होती ना, होईल मेळ.”

मी मुंगीला सासूबाईंकडे दिलं आणि तबकात पितळी वजन ठेवलं. काटा दोनवर आला. थांबला नाही. दोन शंभर, दोन दोनशे, दोन तीनशेवर जाऊन उभा राहिला.

मी वजन उचललं. काटा शून्यावर. पुन्हा ठेवलं. दोन तीनशे.

बारा वर्षांत असे काटे शेकड्याने पाहिले असतील. आतली स्प्रिंग सैल पडते, वजन जास्त दाखवते, सोपं आहे. हिशेब मी झोपेत करते. त्या दिवशी तो करता येईना. दोन किलोला तीनशे जास्त, मग तीन दोनशेला किती, एवढंसं गणित, आणि आकडे डोळ्यांपुढून पळायला लागले. शेवटी जमलं. दोन किलो सातशे ऐंशी. जन्मली तेव्हापेक्षा पावणेतीनशे ग्रॅमने कमी. सतरा दिवसांत पोरगी वाढली नव्हती, झिजली होती. आणि आम्ही तिला गुणाची म्हणत होतो.

माझा आवाज चढला. “कोणी मारलाय या काट्याला शिक्का? कोण तो दिवटा? नोकरी घालवते की नाही बघा त्याची! लहान लेकरांचा काटा आहे हा, भाजीचा नाही!” असं म्हणत मी काटा फिरवला. मागे स्क्रूजवळ शिशाचा शिक्का होता. त्यावर नऊ आकडा. नऊ नंबर माझा.

सिस्टर हळूच म्हणाली, “तुम्हीच मारलाय ना ताई?”

हो. मीच मारला होता, आणि ते मला ठाऊकही होतं. जे ठाऊक असूनही कुठे हरवलं होतं, ते आता समोर येऊन उभं राहिलं. रजेआधीचा शेवटचा दिवस. पाय इतके सुजलेले की चपलेचा पट्टा लागत नव्हता. दवाखान्यातले चार काटे. तीन मी वजनं ठेवून, वाकून, नीट तपासले. चौथा हा. याच्या तबकात कुणाचं तरी बाळ झोपलं होतं, तोंड उघडं टाकून. हीच सिस्टर म्हणाली होती, “आत्ता झोपलंय हो, दोन तास रडत होतं. उठवू नका ना.” मी माझ्या पोटावर हात ठेवला, त्या बाळाकडे पाहिलं आणि म्हटलं, राहू दे, झोपू दे. मग मागून पक्कड लावून शिक्का दाबला. आवाज होऊ नये म्हणून अगदी हलक्या हाताने.

अंगावर सरसरून काटा आला. सिस्टरलाही ते आठवलं असावं, कारण तिने तोंडावर हात ठेवला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण दिवाच मी होते आणि अंधारात माझी पोर होती.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मुंगीला शेजारच्या खोलीतल्या काट्यावर ठेवलं. तो मी खरंच तपासला होता. दोन सातशे ऐंशी. माझा हात चुकला नव्हता, आणि मी त्याचंच ऐकलं नव्हतं.

“ही शहाणी म्हणून झोपत नाहीये,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अंगात ताकद नाही म्हणून झोपतेय. उशीर झालेला नाही, पण आता झोपू द्यायचं नाही.” त्यांनी झबलं काढायला लावलं, तळपाय चोळले, ओला कापूस गालावरून फिरवला. मुंगी वाकडं तोंड करून रडली. केवढा बारीक आवाज! सासूबाई तिच्याबरोबर रडायला लागल्या.

“ती नुसतं टोक धरतेय, म्हणून तुम्हाला दुखतं आणि तिला मिळत नाही. तोंड मोठं उघडू दे. हं, आता. आत घ्या तिला, तुम्ही पुढे वाकू नका.”

मी कळ यायची म्हणून दात आवळले. कळ आली नाही. आला तो आवाज. घुटक. मग पुन्हा, घुटक. गिळायचा आवाज. सतरा दिवस मी तो ऐकलाच नव्हता, आणि असा आवाज यायला हवा हेही मला माहीत नव्हतं.

“काय गं?” सासूबाईंनी विचारलं.

“पितेय,” मी म्हटलं, आणि तिथेच, परक्या बाईच्या खुर्चीत, मोठ्याने रडले.

मग रक्त तपासायला दिलं. दर दोन तासांनी उठवून पाजा, वर काढलेलं दूध चमच्याने द्या, परवा पुन्हा वजनाला या, असं सांगितलं. सासूबाई झबल्याची कड बोटांत धरून बसल्या होत्या. “माझं माप बरोबर होतं गं,” त्या म्हणाल्या. त्यांना त्याचा आनंद झाला नव्हता. “आणि उठवू नको म्हणणारी मीच.”

“तुम्ही एकट्या नाही आई.”

मी सिस्टरला म्हटलं, “वही आणा. त्या दिवसापासून या काट्यावर कोण कोण झोपलं, सगळी नावं.”

तिने वही आणली. दोन महिन्यांच्या आतली बाळं चोवीस. प्रत्येकापुढे वजन लिहिलेलं आणि पुढे तिच्याच अक्षरात: छान वाढ, छान वाढ, उत्तम. माझ्या वरिष्ठांना काय सांगायचं ते मी ठरवून टाकलं होतं, पण ते नंतर. आधी फोन. अर्धी नावं सिस्टरने घेतली, अर्धी मी. मुंगी माझ्या मांडीवर पीत होती. ती थांबली की सासूबाई तिच्या तळपायाला टिचकी मारत होत्या.

पहिला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग एका बाईने उचलला. आवाज थकून गेलेला, माझ्यासारखाच.

“जरा हळू बोला हं,” ती कुजबुजली. “बाळ झोपलंय.”

“ताई,” मी म्हटलं, “उठवा त्याला.”